आईच्या किचनची सतरा दारं

३ ऑक्टोबर, शुक्रवार

किचनच्या कपाटांची सगळी दारं काढली. ओट्याखाली नऊ, वर आठ. सतरा. पंचवीस वर्षांचे स्क्रू. चार तर हलायलाच तयार नव्हते, ते ड्रिलने. सुनंदा (यापुढे सु., वहीत जागा कमी) शाळेतून आली आणि दारातच म्हणाली, "अहो, चोरी झाली का?" सकाळी सांगितलं होतं तिला. पण ऐकणं वेगळं, बघणं वेगळं.

कारण एकदाच लिहून ठेवतो. गणपतीत आईच्या हातातलं फडकं गॅसवर पेटलं. तिने ते सिंकमध्ये टाकलं, विझलं, बोटाला फोड आला. पुण्याला कुसुमताईला फोनवर कळलं (सु.ने सांगितलं. मी बोललो नसतो). ताई म्हणाली, "दिल्या, तिला दिसत नाही आता. तिचं किचन बंद कर. स्वयंपाकाला बाई लाव." आणि फोन ठेवता ठेवता, "भाऊबीजेला येते. स्वतः बघणार आहे. जमत नसेल तर तिला घेऊनच जाईन."

आई अठ्ठ्याहत्तरची. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, थेंब घालायचे आणि उरलेलं राखायचं. शिवाय म्हणाले, घरात सगळं एकाच रंगाचं ठेवू नका, कडा उठून दिसू द्या. आमच्याकडे बदामी दारं, बदामी चौकटी, बदामी टाइल्स. तेव्हा मीच निवडलेलं, फार हौसेने.

आईला यातलं काही बोललो नाही. दिवाळीचा रंग, एवढंच. "एवढी चांगली तर हायेत दारं," म्हणाली.

सकाळचा चहा ती करते, आमटी ती करते, भाकरी तिचीच. किचन काढून घेतलं तर दिवसभर दिवाणावर बसून राहील. मी ते होऊ देणार नाही. बास.

४ ऑक्टोबर, शनिवार

चिकटा! पंचवीस वर्षांच्या फोडण्या दारांवर बसलेल्या. धुण्याचा सोडा, उकळतं पाणी, तारेची घासणी. दुपारपर्यंत सहा दारं.

प्रत्येक दाराला हँडलच्या वर कुंकवाचा थर. लक्ष्मीपूजनाला आई तेलात कुंकू कालवून सगळ्या दारांना बोटं लावते, आणि लावलेलं कधी पुसू देत नाही. काही ठिकाणी चांगला पापडासारखा जाड. पत्र्याने खरवडला, मग पॉलिश पेपर. लाल आत मुरलं होतं, तेही काढलं. रात्री जेवताना हात असे लाल की सु. म्हणाली, "कुठे हळदीकुंकवाला गेला होतात?"

दोन दारं पाण्याने फुगून खाली घासत होती. रंधा मारून सरळ केली. बिजागऱ्या सगळ्या टाकल्या. एकही दार गुमान उघडत नव्हतं, प्रत्येकाचं वेगळं रडगाणं. सिन्नरच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं पेंट शॉपला इन्स्पेक्शन केलं. असा माल समोर आला असता तर गाडीतून उतरूच दिला नसता.

६ ऑक्टोबर, सोमवार

भद्रकालीत हनीफभाईंचं दुकान. रंग, बिजागऱ्या, ब्रश सगळं त्यांच्याकडेच.

"पेंटर कौन है?"

"मीच."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "कंपनीत होते ना तुम्ही? रंग मारत होते का बघत होते?"

बघत होतो. खरं ते सांगितलं. त्यांनी एक मोठा ब्रश परत फळीवर ठेवला आणि छोटा दिला. "इससे शुरू करो, भाऊ. चुका पण छोट्या होतील."

ट्रायलसाठी चार रंगांचे लहान डबे: पिवळा, निळा, तांबडा, हिरवा. प्लायचे चार तुकडे कापून रंगवले. आधी आईला काय दिसतं ते पाहायचं, मग रंग ठरवायचा. कंपनीत याला ट्रायल लॉट म्हणायचे.

कोजागरी. आटीव दूध. गच्चीवर ढगच ढग, चंद्र पाचेक मिनिटं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

ट्रायल घेतली. आई खिडकीशी, मी चार हातांवर, एकेक तुकडा धरायचा.

"पिवळा. निळा. तांबडा. हिरवा."

परत. परत. परत. सोळापैकी सोळा बरोबर! ताईला लगेच फोन लावणार होतो. सु. म्हणाली, उद्या परत एकदा घ्या, मग लावा. शिक्षिका आहे, पहिल्या पेपरवर विश्वास नाही.

डॉक्टर उगाच घाबरवतात, असं मनात आलं. झोप छान.

८ ऑक्टोबर, बुधवार

दारांना प्रायमर मारला. चार वाजता परत ट्रायल. दुसरा तुकडा (निळा) हातातून निसटून टेबलाखाली गेला, म्हणून आधी तांबडा धरला.

आई म्हणाली, "निळा."

परत पहिल्यापासून, म्हणालो. पिवळाच तीनदा धरला.

"पिवळा. निळा. तांबडा."

पहिल्यांदा हसूच आलं. मग आलेलं गेलं. आईला पण कळलं होतं. मग म्हणाली, "तू दाखवतोच त्या रांगेनं. मी काय करू?"

चिडलो. आवाज चढवला, नको होता चढवायला. म्हणालो, अगं मला फसवून काय मिळणार तुला?

"नाय दिसत म्हणलं तर कुसुम मला गॅसपाशी जाऊ देईल का? सांग. तुमचं फोनवर चाललेलं ऐकू येतं मला. डोळे गेलेत, कान नाय गेले."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. मग मीही सांगून टाकलं, रंग दिवाळीसाठी नाही, तुझ्यासाठी आहे, तुला कडा दिसाव्यात म्हणून.

"मग आधी बोलायचं ना येड्या. मी नीट सांगितलं असतं."

नंतर दोन तास खरी ट्रायल. खिडकीच्या उजेडात, ट्यूबच्या उजेडात, रंगाशेजारी रंग धरून. तांबडा आणि निळा शेजारी धरले तर दोन्ही "काळंच". हिरवा, "असंल काहीतरी". पिवळा निळ्याशेजारी धरला आणि तिने बोट नेमकं सांध्यावर ठेवलं. "हितं संपलं पिवळं."

तीनदा केलं, रांग मोडून. तिन्ही वेळा.

चौकटी गडद निळ्या, दारं हळदीसारखी पिवळी. ठरलं. सु. म्हणाली, "पेट्रोल पंप दिसेल." मी म्हणालो, दिसू दे, पंप लांबून दिसावा म्हणूनच तसा रंगवतात. मग तीच हसली.

११ ऑक्टोबर, शनिवार

काल चौकटी झाल्या. आज दारांना पहिला हात. गॅलरीत जुने पेपर, त्यावर विटांचे तुकडे, त्यावर दारं.

ओघळ! तीन दारांवर खालच्या कडेला थेंब लोंबलेले. कंपनीत एका ओघळावर मी पोरांचा अख्खा ट्रॉलीभर माल परत पाठवलेला आहे. त्यातले दोघं अजून भेटले की नमस्कार करतात, का करतात देव जाणे. आज वाटलं त्यांना फोन करून सॉरी म्हणावं. ब्रश हातात असला की रंग आपलं ऐकत नाही, आपण त्याचं ऐकायचं. पाचव्या दारानंतर थोडं जमलं. कमी रंग, लांब हात, परत मागे वळायचं नाही.

दुपारी आई गॅलरीच्या उंबऱ्याशी येऊन बसली. वासावरून म्हणाली, "वला हाय अजून." गप्पा. सोनांब्याला तिच्या माहेरी लहानपणी पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचे, ते काम तिचं. "बैल हालायचा. तुझं दार तरी जागेवर ऱ्हातं."

चांगला दिवस.

१२ ऑक्टोबर, रविवार

परतीचा पाऊस. हवेत ओल, रंग चिकटच. दोन दारांवर चिलटं बसून राहिली, कायमची. सुईने काढली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दुसरा हात. एकही ओघळ नाही. परत लिहितो, एकही नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

दारं बसवली. नव्या बिजागऱ्या, नवी हँडलं. एका बोटाने उघडतात, आवाज नाही, सतराच्या सतरा एका रेषेत. स्पिरिट लेव्हल लावून पाहिली. सु.ने डबे पुसून आत लावले. शेजारच्या वहिनी बघून गेल्या, म्हणाल्या, "पेंटरचा नंबर द्या ना." मी नंबर दिला. माझाच. घरी गेल्यावर कळेल त्यांना.

आईने चौकटीवरून हात फिरवला, मग मागे सरकून पाहिलं. "दिसतंय रे. पिवळं दिसतंय." दोनदा म्हणाली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी सहाला उठून किचनमध्ये गेलो तर आई ओट्यासमोर उभी. हात पुढे. वरची दोन दारं उघडी, खालचं एक उघडं. ओट्यावर पातेल्यात पाणी उकळून आटलेलं आणि शेजारी रव्याचा डबा.

"साखर कुठे गेली?"

साखर नेहमीच्याच कपाटात होती. तीन दारं सोडून.

"रंग दिसतो दिल्या. पण कोणाचं दार कोणतं, ते नाय कळत. सगळी सारखीच."

मग हळूहळू बाहेर आलं. चहासाखरेचं दार कुरकुरायचं. पिठाचं दार खाली घासायचं. तेलाचं उघडताना टक्क वाजायचं. आणि कुंकू. लक्ष्मीपूजनाला ती सगळ्यांना सारखी बोटं लावायचीच नाही. पिठाला पाच, कारण ती लक्ष्मी. चहासाखरेला दोन. तेलाला एकच. नजर होती तेव्हापासूनची तिची रीत. गेली दोन-तीन वर्षं त्या थरांवरून बोट फिरवून ती दार ओळखत होती. म्हणजे ते खडबडीत थर, ते रडगाणं, हेच तिचे डोळे होते. आणि मी चार दिवस खपून, पॉलिश पेपर लावून, तेल घालून, रंधा मारून ते सगळे काढून टाकले. सतरा दारं एकसारखी केली. त्यालाच मी अठ्ठावीस वर्षं क्वालिटी म्हणत आलो.

आईला म्हणालो, चुकलं माझं.

"तुला काय माहीत. मी तरी कुठे बोलले."

भाऊबीजेला सात दिवस.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

कुरकुर परत आणायचा प्रयत्न. बिजागरीचा स्क्रू सैल केला, दार नुसतं लोंबतं, आवाज नाही. तेल पुसून काढलं. वाळू लावून पाहिली. नाही. सु. टेबलाशी बसून वह्या तपासत होती, म्हणाली, "इतके दिवस न सांगता कुरकुरत होती, आता सांगून करत नाहीत. तुमचं बरं आहे, तुम्हाला सांगावं लागत नाही."

हनीफभाईंकडे गेलो. सगळं सांगितलं. ते ऐकून घेताना गिऱ्हाईक थांबवून ठेवलं त्यांनी. मग म्हणाले, "माझे वालिद पण तसेच होते, शेवटी शेवटी. दुकानातले सगळे डबे हाताने ओळखायचे. मी एकदा सफाई केली. दो दिन बात नहीं की मुझसे." आणि एक पुडी काढून दिली, दोन गोळ्या एकत्र मळून करायचा मसाला, गळक्या नळाला लावतात तो. "ठिपके बनाओ. पत्थर हो जायेगा. पण तुम्ही नका बनवू. अम्मांना बनवू द्या."

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

आई स्टुलावर. मी मसाला मळून तिच्या तळव्यावर, ती बोटाने दारावर दाबते. आधी मी हँडलपासून मोजून पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, सरळ रेषेत. तिने एकही खूण वापरली नाही. तिचा हात जिथे सहज जातो, तिथे. काही ठिपके वर, काही तिरके. मी तोंड बंद ठेवलं. सोपं नव्हतं.

पिठाला पाच. चहासाखरेला दोन. तेलाला एक. डाळींना एक लांब ओढ. मसाल्याच्या डब्याला गोल. मग म्हणाली, ही सहा दारं रिकामी ऱ्हाऊ दे.

"का?"

"त्यात सुनंदाची भांडी. काचेची. मला त्याच्याशी काय करायचंय?"

सु.ने ऐकलं. सु.नेही मग कबूल केलं की बुधवारी डबे लावताना तिने थोडी "सुधारणा" केली होती, रव्याचा डबा दुसऱ्याच कपाटात. दोघी मिळून डबे जुन्या जागी लावत बसल्या. आई हात लावून सांगत होती, सु. ठेवत होती. मी दिवे लावले बाहेर.

२० ऑक्टोबर, सोमवार

पहाटेचं अभ्यंग. ठिपके दगड झालेत. वरून पिवळा हात दिला.

सराव. आईने आज पाच वेळा चहा केला. पाचही बरोबर. एकदा साखर जास्त, पण ती तिची जुनीच खोड. फडकं आता गॅसच्या डाव्या बाजूला खिळ्याला, ते तिनेच ठरवलं. शेगडी पेटवताना मागे सरकून उभी राहते, आच लागते त्यावरून मोठी-बारीक करते. हे सगळं ती आधीही करत असणार. मी कधी उभं राहून पाहिलं नव्हतं. घरी बसल्यापासून वर्ष झालं, तरी नाही.

पाच कप चहा प्यायलो. पित्त.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

पूजा झाल्यावर आई वाटीत तेलकुंकू घेऊन किचनच्या दाराशी थांबली. "लावू का रे? तुझा रंग खराब होईल."

लाव म्हणालो.

लावलं. सतराच्या सतरा दारांना. सु.च्या भांड्यांच्या दारांनासुद्धा.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

सु.ने ओवाळलं. उद्या ताई. घर झाडून लख्ख. आईला म्हणालो, उद्या काही नवीन करू नकोस, फक्त चहा. म्हणाली, "तू पण काय नवीन बोलू नको."

ताईला मी लहानपणापासून घाबरतो. साठीची झाली तरी. बाबा गेले तेव्हा तीच सगळ्यांचं करत होती, मी नववीत. तिचं चुकतं असं नाही, हे लिहायला हवं. फडकं खरंच पेटलं होतं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

ताई दहाला आली. भाऊजी सोडून पुढे मित्राकडे गेले, संध्याकाळी न्यायला येणार. किचनच्या दारात उभी राहिली. निळं-पिवळं बघत राहिली. मला वाटलं पंप म्हणेल.

आईने चहा टाकला. मी हॉलमध्ये, सु. हॉलमध्ये, दोघंही पेपर धरून. ताई दारातच. दोन ठिपके, चहासाखर. बरोबर. आलं किसलं. दूध ओतताना थोडं ओट्यावर सांडलं. आईच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल. ताई पुढे झाली नाही, पुसलं नाही. नुसती बघत होती. मग ती त्या दारांशी गेली, डोळे मिटले आणि ठिपक्यांवरून हात फिरवत गेली. पाच, दोन, एक. खूप वेळ.

चहा छान होता. ताईने पूर्ण प्यायला. गॅसचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.

ओवाळलं तिने. पाकीट पुढे केलं तर घेतलं नाही. गॅलरीत चल म्हणाली.

"दिल्या, ओवाळणी नको. माझ्या किचनची दारं रंगवून दे."

मला वाटलं चेष्टा. म्हणालो, ताई तुझं एवढं नवीन मॉड्युलर, पांढरं शुभ्र.

"पांढरं आहे म्हणूनच."

श्रावणात डोळे तपासून घेतले तिने. तेच. डावा डोळा जास्त. डॉक्टर म्हणाले, आईकडून येतं. भाऊजींना अजून सांगितलं नाही. मुलांना नाही. "तिचं फडकं पेटलं ऐकलं ना, तेव्हा मला तिची नाही रे भीती वाटली," म्हणाली आणि थांबली. मग तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला, लहानपणी घालायची तसा. "तूही दाखवून घे. उद्याच. ऐकलंस? आणि आईला बोलू नकोस."

किती दारं आहेत विचारलं. म्हणाली, मोजली नाहीत कधी. कार्तिकीनंतर जायचं ठरलं आहे. आई इथेच.

सहाला भाऊजी खाली आले, हॉर्न दिला. ताई पाया पडून निघाली. आई दाराशी उभी राहिली, जिन्यातला आवाज थांबेपर्यंत. मग आत वळून मला म्हणाली,

"कुसुम कठडा धरून उतरली. पार खालपर्यंत बांगड्या वाजत व्हत्या. कवापासनं?"

मी दार लावून घेतलं. आई अजून तिथेच उभी आहे.